ओहोळ किती लागतात? खानापूरच्या रानातल्या वजराकडे पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेच्या कुठल्याही गावात थांबून विचारा, "मामा, धबधबा किती लांब?" उत्तर ठरलेलं असतं. "ह्ये काय, हितंच की." हे 'हितंच' कधी वीस मिनिटांचं निघतं, कधी अडीच तासांचं. मामा खोटं बोलत नाहीत. गुरांमागं रोज त्या वाटेनं जाणाऱ्या माणसाला ते हितंच असतं. चुकतो तो आपला प्रश्न. बरीच वर्षं या रानात हिंडल्यावर मी आता एकच विचारतो, "वाटंत ओहोळ किती लागतात, आणि पाणी कुठपर्यंत येतंय?" हे विचारलं की मामा जरा थांबतात, आभाळाकडं बघतात आणि हात गुडघ्याला नाहीतर कमरेला लावून दाखवतात. गुडघा दाखवला तर जायचं. कंबर दाखवली तर तिथंच चहा पिऊन बेळगावची वाट धरायची.

आंबोलीचा धबधबा गाडीतून उतरून, हातात कणीस धरून बघितला आहे, पण चालत जाऊन रानातला धबधबा कधी गाठलेला नाही, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. गिरिभ्रमणाच्या संस्थांबरोबर सह्याद्री पालथा घातलेल्यांना यात नवीन फारसं काही मिळणार नाही. जळवांचा भाग मात्र त्यांनीही वाचावा, कारण त्यातले निम्मे लोक अजून जळू ओढून काढतात.

इथं धबधब्याला 'वजर' किंवा 'वझर' म्हणायची पद्धत आहे. गोव्याकडंही हाच शब्द चालतो. म्हणून गावात 'वजर कुठं हाय' असं विचारलंत तर समोरचा माणूस निम्मा तुमचा होतो. आणि एक आधीच सांगून टाकतो, कुठल्याही अनाम वजराचं नेमकं ठिकाण इथं मिळणार नाही. मोबाईलवर खूण टाकलेल्या दोन जागांची पुढच्या पावसाळ्यातली दशा मी पाहिली आहे. कोंडाच्या, म्हणजे धबधब्याखालच्या डोहाच्या, काठावर बाटल्यांच्या काचा होत्या आणि गावकरी चिडलेले होते. जागा शोधायची कशी ते सांगतो, ती तुमची तुम्ही शोधा.

आधी उतार, मग चढ

बेळगाव शहरच साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी करत कणकुंबीला पोचलात तरी गाडीनं घाट चढल्यासारखं वाटत नाही, कारण आपण पठारावरूनच पठाराच्या कडेकडं जात असतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. तिथून थोडं पश्चिमेला सरकलात की पडणारं पाणी म्हादई नदीकडं धावतं, गोव्यात मांडवी होतं आणि अरबी समुद्राला मिळतं. एकाच ढगाचं पाणी, पण शेजारच्या दोन शेतांवर पडलं तर दोन समुद्रांना जातं.

हे भूगोलाच्या पुस्तकासाठी सांगत नाही. पूर्वेकडं वाहणारे ओढे शांत असतात, शेतांमधून रमतगमत जातात. पश्चिमेकडच्या ओहोळांना थोड्याच अंतरात शेकडो मीटर खाली कोकणपट्टीत उतरायचं असतं, त्यामुळं वजर तिकडंच. नकाशावर बघताना म्हादईला मिळणारे ओहोळ बघा. मलप्रभेकडं जाणाऱ्या ओढ्यावर दिवसभर चालाल आणि हाती लागेल म्हशी डुंबायचा डोह. तोही वाईट नसतो म्हणा.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षातच येत नाही. कोकणातून धबधब्याकडं जाणारा माणूस त्याच्या पायथ्याशी पोचतो. आपण बेळगावकर पठारावरून जातो म्हणजे धबधब्याच्या माथ्यावर पोचतो. पाणी जिथून खाली उडी घेतं तो काठ आपल्याला आधी भेटतो, तोही झाडीतून अचानक. पायथ्याला जायचं तर बाजूच्या सोंडेनं उतरावं लागतं. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी उतार आणि दुपारी दमल्यावर, पोट भरल्यावर, कपडे ओले असताना चढ. उतरायला पाऊण तास लागला तर चढायला दीड तास धरा. "उतरलो तसं चढू" म्हणणारा मित्र गटात एक तरी असतोच. चढताना सगळ्यात मागं तोच असतो.

महिना कुठला

पावसाळ्यात जाऊ नका. हे वाक्य वाचून बरेच जण लेख बंद करतील, कारण धबधबा म्हटला की डोळ्यांसमोर जुलैच येतो. पण या पट्ट्यातला पाऊस बेळगाव शहरातल्या पावसासारखा नाही. कणकुंबीच्या पलीकडं जंगलात असलेल्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला होता. टिळकवाडीत छत्री उघडायची की नाही असा विचार चाललेला असतो, तेव्हा तिकडं ओहोळ साकवावरून जात असतात आणि आतल्या गावांचा संपर्क तुटलेला असतो. रोपलावणीचे दिवस असल्यानं गावात वाटाड्याही मिळत नाही. धुकं असं असतं की दोनशे फूट धबधब्यासमोर उभं राहून फक्त त्याचा आवाज ऐकून परत यायचं. जुलैत पाणी बघायचंच असेल तर चोर्ला घाटात सुरक्षित जागी गाडी बाजूला लावून समोरच्या डोंगरावरच्या पांढऱ्या रेघा मोजा. गोकाकला जा. तिथं घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते आणि लांबून बघण्यातच त्याची मजा आहे.

खरे दिवस गणपतीनंतर सुरू होतात. पाऊस ओसरलेला, वाट दिसायला लागलेली, पण पाणी भरपूर. या भागातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, जांभा दगड आहे. तो पावसाळाभर पाणी पितो आणि नंतर हळूहळू सोडतो, त्यामुळं पाऊस थांबल्यावरही वजर लगेच आटत नाही. गणपती ते दिवाळी हा माझा हंगाम. त्यातही भातकापणीची सुगी सुरू व्हायच्या आधी जावं, म्हणजे वाटाड्या मिळतो. या काळात परतीच्या पावसाचं एक लफडं असतं, ते पुढं सांगतो. दिवाळीनंतर पाणी कमी होत जातं, वाट सोपी होते आणि लहान मुलांना नेता येतं.

परवानगी आणि पाट्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकवू नका. खानापूरच्या पश्चिमेचं बरंचसं रान वनखात्याच्या ताब्यात आहे. त्यातलं सुमारे १९० चौरस किलोमीटर २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो. "आम्ही काय झाडं तोडायला आलोय का?" हा युक्तिवाद तिथं चालत नाही. म्हादईवरच्या वज्रपोहा धबधब्यासारखी प्रसिद्ध नावं ऐकून थेट निघू नका. आधी खानापूर किंवा कणकुंबी भागातल्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारा की ही वाट आत्ता खुली आहे का, परवाना कोण देतो, माणूस बरोबर न्यावा लागतो का. अपघात झाले की वनखातं धबधब्यांची वाट बंद करतं, त्यामुळं गेल्या वर्षीची माहिती यंदा उपयोगाची नसते. कर्नाटक वनखात्याच्या ट्रेकचं ऑनलाइन आरक्षण 'अरण्य विहार' या संकेतस्थळावर होतं, तेही उघडून बघा.

सीमेचंही भान ठेवा. चोर्ल्याच्या आसपास दोन तास चालताना तुम्ही कर्नाटकातून गोव्यात आणि तिथून महाराष्ट्रात कधी गेलात ते कळतही नाही. गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे आणि महाराष्ट्राच्या बाजूला तिलारीचं राखीव रान. एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्यातला गार्ड मान्य करणार नाही. सीमाप्रश्नावर आपण सगळे तावातावानं बोलतो, पण रानात मैलाचा दगड नसतो.

पाट्या कन्नडमध्ये असतात. लिपी वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या एकाला तरी बरोबर घ्या. चार शब्द कानावर असू द्यात. 'अरण्य इलाखे' म्हणजे वनखातं. 'एच्चरिके' म्हणजे सावधान. 'जलपात' म्हणजे धबधबा. 'प्रवेश निषेधिसलागिदे' म्हणजे प्रवेश बंद. आणि 'अपाय' हा शब्द मराठीतल्यासारखा सौम्य नाही, कन्नडमध्ये तो थेट धोका. गार्ड भेटला तर 'नमस्कार सर' म्हणून थांबा, कुठून आलात ते सांगा. बहुतेकांना मराठी येतं. पळालात तर मात्र प्रकरण वाढतं.

दूधसागरबद्दल दरवर्षी कोणीतरी विचारतं, म्हणून दोन ओळी. कॅसलरॉकहून रुळावरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. २०२३ च्या जुलैत रुळावरून दूधसागरकडं निघालेल्या हौशी मंडळींना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते चित्र सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय.

वाटाड्या

गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय पहिल्यांदा जाऊ नका. या रानात गुरांच्या, मधाच्या, लाकडांच्या अशा पन्नास वाटा असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. मोबाईलवरच्या नकाशात झाडीखाली काहीच दिसत नाही. शिवाय आत शिरलात की कर्नाटकातलं नेटवर्क जातं आणि कुठल्यातरी टेकाडावर गोव्याचं येतं.

आठवडाभर आधी एकदा नुसते गावात जाऊन या. देवळाच्या कट्ट्यावर किंवा किराणा दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसाशी बोला. कुठून आलात, कुणाचे कोण, जेवलात का, हे सगळं होऊ द्या. आपल्याकडं कामाची गोष्ट तिसऱ्या चहाला निघते. वडीलधाऱ्याला 'मामा' किंवा 'काका', बाईमाणसाला 'मावशी' नाहीतर 'अक्का'. "गाईड मिळेल का?" असं विचारलं तर लोक बिचकतात. "मामा, वजराकडं कोण घेऊन जाईल का आमास्नी?" म्हटलं की ते आपल्या पुतण्याला हाक मारतात.

पैशाचं आधीच बोला. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते, शिवाय तुमच्या जिवाची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येते. त्यामुळं तिथली दिवसाची मजुरी विचारून त्याच्यावर थोडं द्या, आणि रोख द्या. रानात कुठलाच स्कॅनर चालत नाही. त्याच्यासाठी डबाही न्या. वाटाड्यानं "आज नको" म्हटलं तर ते शेवटचं. तुम्ही बेळगावातल्या गोवावेसहून पहाटे उठून आलात, गाडीचं भाडं दिलंय, हे त्याला सांगून काही उपयोग नाही. घासाघीस करून त्याला तयार केलंत तर तुम्ही त्याचाही जीव धोक्यात घालताय.

देवराई लागली की तो चप्पल काढेल. तुम्हीही काढा. तिथलं फूलपान तोडू नका, तिथं लघवीला बसू नका. एवढं पाळलंत तर पुढच्या वेळी तुम्हाला जेवायला बोलावतील.

पिशवीत काय

थोडक्यात सांगतो. खोल खाचांचे रबरी तळव्याचे बूट घ्या. गुळगुळीत तळ असलेले महागडे स्पोर्ट्स शूज शेवाळावर साबणासारखे सरकतात. जीन्स नको, ओली झाली की दोन किलोंची होते. लांब मोजे. प्रत्येकाकडं स्वतःची टॉर्च, मोबाईलची नव्हे. मोबाईल दुहेरी प्लास्टिकमध्ये. एक काठी, शक्यतो आपल्या छातीएवढी. मीठ बांधलेली फडक्याची पुरचुंडी. सुके कपडे गाडीतच ठेवा. खायला भाकरी, शेंगाची चटणी, चिरमुरे-फुटाणे, गूळ. छत्री नको, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. दारू अजिबात नको, याच्यावर चर्चाही नको.

घरी एक चिठ्ठी ठेवा. कुठल्या गावातून आत जाणार, वाटाड्याचं नाव काय, किती जण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं.

तो दिवस

बेळगावहून सहाला निघा, म्हणजे न्याहारी करून साडेआठ-नवापर्यंत चालायला लागता येतं. बसनं जाणार असाल तर उतरतानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा आणि तिच्या आधीची गाडी आपली समजा. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र असेल तर बायकांना साध्या बसमध्ये 'शक्ती' योजनेत तिकीट पडत नाही. आमच्या घरातल्या मावशा-आत्या २०२३ पासून या योजनेच्या जिवावर माझ्यापेक्षा जास्त हिंडतात.

निघताना सगळ्यांसमोर परतीची वेळ ठरवा. माझी एक वाजता. एक वाजला की वजर दिसो न दिसो, मागं फिरायचं. सूर्य सहा-सव्वासहाला मावळत असला तरी दरीतल्या झाडीत पाचलाच अंधारून येतं, आणि अस्वलांची फिरायची वेळ तिथूनच सुरू होते. या रानात अस्वल हे खरं भय आहे. बिबट्या माणसाला टाळतो. अस्वल समोरासमोर आलं की बिथरतं. म्हणून चालताना अधूनमधून बोलत राहा, काठी आपटत राहा. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, फोटोसाठी पुढं जाऊ नका.

ओहोळ ओलांडताना

पहिल्या खेपेला आम्ही पाचजण होतो, सगळे कॉलेजातले. ऑक्टोबर महिना, लख्ख ऊन, वाटाड्या घेतला नव्हता कारण "एवढ्याशा वाटेला कशाला?" सकाळी एक ओहोळ लागला. घोट्याएवढं पाणी, बुटाच्या वरचे मोजेही भिजले नाहीत. वजर बघितला, जेवलो, ताणून दिली. तीनच्या सुमारास मागं, वरच्या डोंगरावर गडगडलं. आमच्या डोक्यावर एक थेंबही नाही. चारला ओहोळावर आलो तर ते सकाळचंच पाणी चहासारखं लाल होऊन मांडीपर्यंत आलं होतं, आणि त्यात आख्खी फांदी वाहत चालली होती. आमच्यातला एक जण उतरला. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला पाय सुटला. मागच्यानं पिशवीचा पट्टा धरला म्हणून तो आज बँकेत नोकरी करतोय. पुढचे चार तास आम्ही काठावर अंधारात बसलो. पाणी आठच्या सुमारास उतरलं. पलीकडून गावातले दोघं कंदील घेऊन आले, कारण दुकानदारानं आमची गाडी अजून उभी असलेली बघितली होती. एकानं विचारलं, "जाताना इचारलं का न्हाई रं पोरानू?"

परतीच्या पावसाचं लफडं म्हणालो ते हेच. सकाळ स्वच्छ असते, दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभराचा मुसळधार पाऊस कुठंतरी वर पडतो. छोटा ओहोळ अर्ध्या-पाऊण तासात फुगतो. त्यातली चांगली बाजू अशी की तो तितकाच लवकर, दोन-चार तासांत उतरतोही. मोठ्या नदीचं तसं नसतं, तिचा पूर दिवसभर टिकतो. म्हणून ओहोळावरचा पहिला उपाय म्हणजे बसून राहणं. नवख्याला हेच जमत नाही.

जाताना प्रत्येक ओहोळावर एक मिनिट थांबा. पाण्याच्या कडेला बरोबर टेकेल असा एक दगड ठेवा, आणि वजरापाशी पोचल्यावर तिथल्या कोंडाच्या काठावरही तसाच एक ठेवा. दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडं बघा. दगड बुडाला की उठायचं, मग भाकरी अर्धी राहिली तरी चालेल. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहून येणं, धबधब्याचा आवाज जाड होणं, या सगळ्याचा अर्थ एकच. त्या वेळी वर ऊन आहे की ढग, याला काही महत्त्व नाही.

ओलांडायची वेळ आलीच तर जागा बघून उतरा. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथंच पाणी खोल आणि जोराचं असतं. पात्र पसरट झालेलं, पाणी खळखळत असलेलं, तळ दिसणारं ठिकाण शोधा. धबधब्याच्या माथ्याजवळ, खालच्या बाजूला कडा असेल तिथं, पाणी घोट्याएवढं असलं तरी ओलांडू नका. तिथं नुसतं घसरणंही पुरेसं आहे. पिशवीचे पट्टे सैल करा म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. तोंड वाहत्या पाण्याकडं, काठी पुढं वरच्या अंगाला रोवलेली, आणि खेकड्यासारखं बाजूनं चालायचं. एका वेळी काठी किंवा एकच पाय उचलायचा. दगडावरून दगडावर उड्या मारू नका, दगडांच्या मधल्या वाळूत पाय ठेवा. बूट काढू नका. दोरी कमरेला बांधून कुणालाही पाण्यात सोडू नका, पाय सुटला की तीच दोरी त्याला पाण्याखाली धरून ठेवते. आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही. पोहता येतं का हा प्रश्नच नाही, वाहत्या पाण्यात पोहायला कुणी मोकळं नसतं.

वजरापाशी

पोचल्या पोचल्या सगळे कोंडात उतरायला धावतात. मी उतरत नाही. पडणाऱ्या पाण्याखाली कोंड किती खोल आहे ते वरून कळत नाही, आणि पाणी तिथं माणसाला आत ओढून घुसळत ठेवतं. कडेचे खडक शेवाळानं असे गुळगुळीत असतात की हाताला पकडच मिळत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यावर बेळगावहून सहलीला गेलेल्या चार मुली बुडाल्या. नोव्हेंबर म्हणजे पाऊस संपलेला, पाणी शांत दिसणारं. बेळगावात ती बातमी आली त्या दिवशी कुणाच्या घरी जेवण गेलं नाही.

अंघोळच करायची असेल तर वजरापासून बरंच खाली, गुडघाभर पाण्यात, तळ दिसेल अशा ठिकाणी बसा आणि तांब्यानं डोक्यावर घ्या. हसण्यासारखं आहे, पण मजा तीच येते. माथ्यावरच्या काठापासून दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवा. तिथून फोटो काढताना माणूस मागं सरकतो आणि मागं काय आहे ते मोबाईलमध्ये दिसत नाही.

मान वर करून कड्याकडं एकदा बघा. काळी, अर्धगोल, लोंबणारी पोळी दिसली तर ती आग्या मोहळं. त्यांच्याखाली जेवायला बसू नका, धूर करू नका, आरोळ्या मारू नका, दगड तर नाहीच नाही. अंगाला अत्तर लावून आलेला असेल तर त्याला लांब बसवा. माश्या उठल्या तर डोकं झाकून झाडीतून लांब पळायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नसतो, त्या वर वाट बघत राहतात.

जळू आणि गोचीड

जळवांना लोक उगाच घाबरतात. पँट मोज्यात खोचा, मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, आणि ओल्या पाल्यात उभं राहून गप्पा मारू नका. चिकटलीच तर ओढू नका, जखम चिघळते. मीठ टाका नाहीतर नखानं तोंडाकडून अलगद सरकवा, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ते गोठू नये असा पदार्थ ती सोडते. स्वच्छ फडकं दाबून धरलं की थांबतं.

खरी काळजी गोचिडीची घ्या, जी दिसतही नाही. पाऊस संपून पाला वाळायला लागला की ती वाढते. तिच्यातून माकडताप होतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून डॉक्टर त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आपल्या शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांत त्याचे रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे या काळात वाळल्या पाल्यात पसरून झोपू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता लांबूनच वळा आणि गावात, वनखात्याला कळवा.

फांदीला किंवा कपारीला हात घालण्याआधी बघा. हिरवा चापडा हा विषारी साप पानासारखाच दिसतो आणि ओहोळाकाठच्या झुडपांवर निवांत बसलेला असतो. तुम्ही त्याला धरलं नाहीत तर तो काही करत नाही.

परत आल्यावर

गावात पोचलात की आधी वाटाड्याचे पैसे द्या, मग फोटो बघत बसा. दुकानात चहा घ्या, आपण सगळे परत आलो असं तिथं मोठ्यानं सांगा. नेटवर्क आलं की घरी फोन. स्वतःचा कचरा बेळगावपर्यंत आणा, कणकुंबीच्या वळणावर टाकू नका.

घरी गरम पाण्यानं अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागं आणि कानामागं नीट बघा, गोचीड अशाच जागी बसते. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तिच्यावर तेल किंवा पेटती काडी लावू नका. जळू आणि गोचीड, दोघींना वेगळे नियम. कपडे लगेच गरम पाण्यात टाका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, अंग ठणकलं, डोकं दुखलं तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की रानात जाऊन आलो, ओहोळाच्या पाण्यात होतो. ते विचारतीलच असं नाही, आणि माकडताप किंवा लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असेल तर त्यांना तेवढ्या एका वाक्यानं दिशा मिळते.

बुटांत वर्तमानपत्राची रद्दी कोंबून पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवलेत तर तळ सुटतो.